लाट वर आली की पाय टाकायचा

सासूबाईंचा अडकित्ता मुंबईच्या बॅलार्ड पियर बंदरावरच्या स्कॅनरमध्ये दिसला. सामान तपासणाऱ्या मुलाने बॅग उघडायला लावली, साड्यांच्या घडीतून चंची बाहेर काढली आणि अडकित्ता हातात धरून विचारलं, “आजी, हे नेमकं काय आहे?” आईंनी त्याला सुपारी कातरून दाखवायची तयारी केली होती, पण मागे रांग वाढत होती. धारदार वस्तू बोटीवर चालत नाही. त्याने अडकित्ता एका पिशवीत घातला, चिठ्ठी लावली, दुसरी चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि परत उतरताना घेऊन जा म्हणाला. आमची इलेक्ट्रिक किटली आणि एक्स्टेन्शन बोर्डही तिथेच राहिले. आग हा बोटीवरचा सगळ्यात मोठा धोका, त्यामुळे केबिनमध्ये तापणारं काही चालत नाही. आदल्या रात्री दोनपर्यंत बसून वळलेले बेसनाचे लाडू मात्र आम्ही बाहेरच आमच्या ड्रायव्हरदादांना दिले, कारण घरचं खाणं आत नेता येत नाही हे दाराशी लिहिलेलं होतं. हे सगळं तिकिटासोबत आलेल्या सूचनांमध्ये होतं. मी त्या नीट वाचल्या नव्हत्या. तुम्ही वाचा.

आम्ही सहाजण होतो. मी, नवरा, सासूबाई (वय ७६), मुलगी सई (१५), मुलगा अर्णव (९) आणि दिरांचा ओम (१३). डिसेंबरची सुट्टी, मुंबई ते लक्षद्वीप आणि परत, चार रात्री. क्रूझ का, तर मागच्या वर्षीच्या महाबळेश्वरमुळे. घाटात आईंना गाडी लागली, सई हॉटेलच्या खोलीतून बाहेर आली नाही, ओम आणि अर्णव कंटाळून भांडत राहिले आणि मी तीन दिवस सगळ्यांची समजूत काढत फिरले. तीन पिढ्यांना एकत्र ठेवायचं आणि तरी प्रत्येकाला आपापलं काही करता यावं, अशी जागा मला हवी होती. पुढच्या वर्षी सईची दहावी, त्यानंतर ती आमच्याबरोबर कितीदा येईल कोण जाणे.

पैशाचं आधी सांगते, कारण त्याचा मला खरोखर त्रास झाला. फोनवर सांगितलेला दर आणि शेवटी भरलेली रक्कम यांत जवळपास ३५ टक्क्यांचा फरक पडला. बंदराचे आकार वेगळे, जीएसटी वेगळा, कर्मचाऱ्यांच्या सेवेचा दिवसाचा आकार माणशी वेगळा, बेटावर उतरायचे पैसे वेगळे. एकातही लबाडी नव्हती, सगळं कुठे ना कुठे छापलेलं होतं. पण चौकशी करणाऱ्या माणसाला पहिल्याच फोनवर पूर्ण आकडा सांगावा, एवढी अपेक्षा मी करू शकते. आता कोणी विचारलं तर मी एकच वाक्य सांगते: “सगळं धरून, बोटीतून परत उतरेपर्यंत किती?” असं विचारा आणि उत्तर लेखी मागा.

कागदपत्रं सोपी होती. देशातल्या देशात प्रवास असल्यामुळे पासपोर्ट लागला नाही, आधार कार्डं चालली. लक्षद्वीपला उतरायला मात्र भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो कंपनीने काढला, आम्ही फोटो आणि ओळखपत्रांच्या प्रती आधी पाठवल्या. ओमचे आईवडील बरोबर नव्हते, म्हणून दीर-जावेकडून सहीचं संमतिपत्र आणलं होतं, आणि काउंटरवर ते खरंच मागितलं. आमच्या पुढच्या कुटुंबाने भाचीला आणलं होतं, पत्र नव्हतं. तिची आई गोंदियात, फोन लागत नाही, पोरगी रडवेली. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र आलं आणि ती आत गेली, पण तो पाऊण तास तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरले नाही.

बोट सुटण्याआधी सगळ्यांना सुरक्षेच्या कवायतीला बोलावतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, हा जगभरच्या बोटींवरचा धोक्याचा इशारा. तो वाजला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. अर्णवच्या मनगटाला एक पट्टी बांधली होती, तिच्यावर त्याच्या जागेचा नंबर. गोंधळात मूल आमच्यापासून सुटलं तरी कोणताही कर्मचारी त्याला बरोबर जागेवर नेईल. वर नारिंगी जीवनौका टांगलेल्या, खाली आम्ही ओळीत उभे. बऱ्याच लोकांना हे जिवावर आलं होतं. काहीजण केबिनमध्येच बसून राहिले, त्यांना कर्मचारी शोधून घेऊन आले. सईच्या कानात इअरफोन होते.

मी काही बोलायच्या आधी आईंनीच ते हळूच काढले. म्हणाल्या, “रामदास बोटीबद्दल तुला सांगितलंय ना?” १७ जुलै १९४७. मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट वाटेतच उलटली आणि सहाशेच्या वर माणसं बुडाली. आईंचा जन्म त्यानंतरचा, पण कोकणातल्या त्यांच्या पिढीने ते नाव ऐकतच बालपण काढलं. आमच्या पिढीने पाहिलेली गोष्ट २०१२ ची. इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली, ३२ माणसं गेली, आणि त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत व्हायलाच हवी. मुलांना घेऊन जाणाऱ्याने ही वीस मिनिटं कंटाळ्याची समजू नयेत. आम्ही नंतर केबिनपासून त्या जागेपर्यंत तिघांना दोनदा चालवलं, लिफ्ट न वापरता.

बोट तासभर उशिरा, सातच्या सुमाराला सुटली. उजव्या हाताला कुलाब्याचे दिवे आणि टोकाला प्रॉन्ग्सचं दीपगृह, मग बऱ्याच वेळाने डावीकडे खांदेरीचा दिवा. खांदेरीला आता कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे, हे ओमने सांगितलं. त्याला शिवकाळातलं सगळं पाठ आहे. पुढे अलिबागच्या बाहेर मासेमारीच्या होड्यांचे दिवे पाण्यावर पसरलेले होते. एवढ्या मोठ्या बोटीने त्यांच्यामधून वाट काढायची म्हणजे वर कप्तानाच्या खोलीत किती डोळे ताणून बसावं लागत असेल!

आणि मग अर्णवला बोट लागली.

खूप नाही. पण जेवताना तो पांढरा पडला आणि मला कळलं. आम्ही केबिन मुद्दाम खालच्या मजल्यावर, बोटीच्या मधोमध घेतल्या होत्या, तिथे डुलणं सगळ्यात कमी जाणवतं. वरच्या मजल्यावर, पुढच्या टोकाला दृश्य छान दिसतं, पण झोकाही तिथेच जास्त. डॉक्टरांना विचारून त्याच्या वजनाप्रमाणे गोळी आणली होती. ती त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, आणि मी ती सुटण्याच्या गडबडीत द्यायची विसरले. एकदा उलटी झाली. जेवण वाढणाऱ्या मुलाने न मागता हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं आणून दिली, म्हणाला आम्ही सगळे हेच खातो. आईंनी पर्समधला आवळकाठीचा तुकडा अर्णवच्या तोंडात घातला. त्याला उघड्या डेकवर नेलं, दूरच्या एका दिव्याकडे बघत बसवलं. तासाभरात झोपला. सकाळी उठला तो थेट खायला मागतच.

ती सकाळ मला लिहायचीच आहे.

केबिनमधल्या टीव्हीवर एका चॅनेलला नकाशा असतो, बोट कुठे आहे ते ठिपक्याने दाखवतात. आम्ही उतरणार होतो ते लक्षद्वीपमधलं कदमत बेट मुंबईच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे, त्यामुळे तो ठिपका रात्रभर एका सरळ रेषेत खाली सरकत होता. सहाला अर्णव उठला, त्याने टीव्ही लावला आणि शेजारच्या केबिनचं दार वाजवलं. “आजी, मालवण येतंय.” नकाशावर किनाऱ्याला मालवण लिहिलेलं होतं, आणि आमचा ठिपका त्याच्या समोर, समुद्रात बराच आत.

आईंचं माहेर मालवण. सासर मुंबईत. त्या लहान होत्या तेव्हा मुंबई-मालवण म्हणजे आगबोट. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, वाटेत हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड असं करत जायचं. पावसाळ्यात बोट बंद. ट्रंक, वळकटी, फणसाच्या दिवसांत फणस, आणि डेकवर सतरंजी टाकून जागा धरायची. हे त्यांनी आम्हाला कितीतरी वेळा सांगितलं होतं, पण आम्ही ते जेवताना ऐकतो तसं ऐकलं होतं.

त्या शाल घेऊन डेकवर आल्या. अजून उजाडायचं होतं. पूर्वेला फक्त एक तांबूस पट्टा, किनारा दिसणं शक्यच नव्हतं, सत्तर किलोमीटर तरी असेल. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. “थयसर मालवण,” म्हणाल्या, त्या पट्ट्याकडे बोट दाखवून. आमच्या घरी त्या मालवणी बोलत नाहीत. फोनवर भावाशी बोलतात तेवढीच. मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. सई मागून आली, रात्रीच्याच कपड्यांत, केस विस्कटलेले. तिला मी उठवलं नव्हतं. ती आजीच्या शालीत शिरून उभी राहिली आणि सूर्य वर येईपर्यंत तिथून हलली नाही. नेटवर्क नव्हतं म्हणून आली असेल, असं नवरा नंतर म्हणाला. मला तसं वाटत नाही.

नेटवर्कचं मात्र सांगायला हवं. किनारा सुटला की तासाभरात रेंज जाते. त्यानंतर फोनवर मधेच काड्या दिसू लागल्या तर तो बोटीचा स्वतःचा, उपग्रहावरून चालणारा टॉवर असतो आणि त्याचे दर भयंकर असतात. सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाका, मुलांचे तर आधी. बोटीचं वायफाय विकत मिळतं. आम्ही एकच घेतलं, नवऱ्याच्या ऑफिससाठी.

दुसरा दिवस सगळा समुद्रात. अर्णव लहान मुलांच्या क्लबमध्ये रमला. तिथल्या दोघी मुलींनी त्याला एका चिंधीपासून कठपुतळी करायला शिकवलं, आणि त्याला न्यायला आमच्यापैकीच कोणी आलंय ना, हे त्या प्रत्येक वेळी कार्ड बघून तपासत. सईला नागपूरच्या दोघी मैत्रिणी मिळाल्या. पंचाईत झाली ओमची. क्लब बारा वर्षांपर्यंत, हा तेरा वर्षांचा. मोठ्यांच्या कार्यक्रमांत त्याला रस नाही, सई त्याला बरोबर घेईना. सकाळभर तो जिन्यात बसून होता आणि मला माझ्या जावेला काय सांगू असं झालं. दुपारी टेबल टेनिसच्या टेबलाशी इंदूरची दोन मुलं भेटली आणि मग तो बोटीवर फक्त जेवायला दिसला. बारा ते चौदा या वयाच्या मुलांसाठी काय आहे, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या. लहानांचं आणि मोठ्यांचं सगळे सांगतात, मधल्यांचं कोणी सांगत नाही.

पोहण्याच्या तलावापाशी पाटी होती, इथे जीवरक्षक नाही. लोक ती वाचत नव्हते. मी अर्णव पाण्यात असेपर्यंत काठावरून उठले नाही.

त्या रात्री सईला मी अकरापर्यंत फिरायची परवानगी दिली. आयुष्यात पहिल्यांदा. डोंबिवलीत मी तिला आठनंतर कोपऱ्यावरच्या दुकानात एकटी पाठवत नाही, पण इथे वाटलं, बोटीबाहेर जाणार कुठे? अकरा वाजता पाचव्या मजल्यावर, जिन्यापाशी भेटायचं ठरलं.

अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. सई नाही. फोन लागण्याचा प्रश्नच नाही. नवरा एका बाजूने वर गेला, मी दुसऱ्या. नाटकगृह बंद झालं होतं, खाण्याच्या हॉलमध्ये खुर्च्या उलट्या ठेवत होते. मी उघड्या डेकवर गेले. वारा जोरात होता आणि कठड्याच्या खाली काळं पाणी, त्यावर बोटीच्या उजेडाची पांढरी फेसाची रेघ. त्या क्षणी मी जे काही मनात आणलं ते मला लिहायचं नाही. कठडा माझ्या छातीपर्यंत होता, कोणी सहज पडेल असं नव्हतं, हे डोक्याला कळत होतं. पायांना कळत नव्हतं.

शेवटी स्वागतकक्षात गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, “कोणता जिना?” बोटीला पुढे एक जिना आहे आणि मागे एक. दोन्ही सारखेच, तोच गालिचा, तीच पितळी कठड्याची मूठ. मी मागच्या जिन्यापाशी उभी होते. सई पुढच्या जिन्यापाशी, पावणेअकरापासून, पायरीवर बसून, रडत. तिलाही वाटलं होतं आम्हीच हरवलो. मी तिला ओरडायचं ठरवून गेले होते. तिने मला घट्ट धरलं आणि म्हणाली, “मी वेळेवर आले होते, आई. खरंच वेळेवर आले होते.”

ती वेळेवर आली होती. चूक माझी होती, मी जागा नीट सांगितली नव्हती. हे मी तिला त्याच पायरीवर बसून सांगितलं. पुढच्या दोन रात्री तिला पुन्हा अकरापर्यंत सोडलं, फक्त आता मजला, पुढचा की मागचा आणि डावी की उजवी बाजू, तिन्ही सांगून.

तिसऱ्या दिवशी सकाळी कदमत. बेटाभोवती प्रवाळाची भिंत, आत उथळ पाणी, त्यामुळे मोठी बोट जवळ जातच नाही. ती बाहेर खोल समुद्रात थांबते आणि लहान बोटी येऊन माणसं घेऊन जातात. समुद्र खवळलेला असेल तर उतरणं रद्दच होतं, हे आधी सांगितलेलं असतं. आमच्या दिवशी लाट होती, पण बेताची.

बोटीच्या पोटातलं एक दार उघडतात. बाहेर लहान बोट, ती लाटेबरोबर हातभर वर येते, हातभर खाली जाते. दोन्ही बाजूंना दोन-दोन खलाशी दंड धरायला. माझ्या पुढच्या माणसाने चुकीच्या वेळी पाय टाकला आणि तो धाडकन खाली बसला. आईंचे गुडघे दुखतात. नवरा म्हणाला, आई, तू नको, आपण दोघं वरच थांबू.

आईंनी चप्पल काढून हातात घेतली. दारात उभ्या राहिल्या आणि खाली बघत राहिल्या. एक लाट गेली, दुसरी गेली. खलाशी “चलिए अम्मा” म्हणत होता, त्यांनी त्याला मानेनेच थांब म्हटलं. तिसऱ्या लाटेला बोट वर येऊ लागली, आणि ती वर टेकली तेवढ्या क्षणात त्यांनी पाय टाकला. जिन्याची पायरी उतरावी तसा. खलाशांचे हात अर्ध्यावरच राहिले.

मग त्यांनी मागे वळून अर्णवकडे हात केला. “भिया नको. बोट खाली जाताना बघू नको. लाट वर आली की पाय टाकायचा.”

मालवणला आगबोट किनाऱ्याला लागायची नाही, खडकांच्या बाहेर उभी राहायची. होड्या यायच्या, आणि फ्रॉक घातलेल्या एका मुलीला तिचे वडील दारात उभं करून हेच वाक्य सांगायचे. बेटावर पोचेपर्यंत त्यांनी हे आम्हाला सांगितलं, पाणी तोंडावर उडत असताना. ओमने विचारलं, बाकीचे कसे उतरायचे? “कोणी पडायचे,” आई म्हणाल्या, “आणि फणस तर नेहमी पडायचे.”

आतलं पाणी इतकं स्वच्छ की बोटीची सावली तळाच्या वाळूवर दिसत होती. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहिलं. सई आणि ओम पाण्यात बघायचा मास्क लावून पाण्यात उतरले. प्रवाळावर पाय द्यायचा नाही, ते जिवंत असतं, हे तिथल्या मुलाने तीनदा बजावलं. या बेटांवर कुत्री नाहीत, हे कळल्यावर अर्णव अर्धा तास खात्री करत फिरला. परतताना त्याच्या खिशात पांढऱ्या प्रवाळाचा बोटभर तुकडा निघाला. किनाऱ्यावर पडलेला, मेलेला, पण नेता येत नाही, कायद्याने बंदी आहे. तो रडला. मी त्याच्याबरोबर पाण्यापर्यंत गेले आणि त्याने तो स्वतः ठेवला, जिथून उचलला होता तिथेच.

परतीचा दिवस सगळा झोपेत गेला. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात, सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवायला विसरू नका. आम्ही विसरलो नाही, पण शेजारचे गृहस्थ नाश्त्याला नाइट ड्रेसमध्ये आले होते.

बॅलार्ड पियरला उतरलो तर जमीन डुलत होती, दोन दिवस डुलत राहिली. अडकित्त्याची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये सापडेना. सगळी पर्स काउंटरवर ओतली. सई म्हणाली, “आई, थांब,” आणि तिने ती आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटातून काढली. पहिल्या दिवशी तिनेच तिथे ठेवली होती. मुलाने पिशवी आणून दिली. आईंनी अडकित्ता उघडून मिटून पाहिला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि चंचीत टाकला.